पाठीआडचा खेळ

"हे झाड मेलं काऊन वं?" बाबांनी विचारलं.

मी मेहकरला आले त्याची ती पहिलीच सकाळ. ओट्यावर माझा फोन पडला होता आणि त्याच्या पडद्यावर एक वाळलेलं, राखाडी झाड उभं होतं. ते एक ॲप होतं. कामाला बसताना त्यात बी लावायचं. ठरवलेला वेळ फोनला हात न लावता काम केलं की झाड वाढतं, मध्येच फोन उचलला की मरतं. खामगावच्या मावशीचा फोन आला, मी तो घेतला आणि झाड गेलं. हे सगळं मी बाबांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे फोन उचलू नाई म्हणून फोनच पहारा करते."

मी पुण्यात पुरातत्त्व शिकवते. लोकांना वाटतं आम्ही वर्षभर कुदळ घेऊन उन्हात उभे असतो. प्रत्यक्षात वर्षातले थोडेच दिवस उन्हात जातात. बाकी सगळा काळ तास घेणं, उत्तरपत्रिका, समित्या, आणि बढतीसाठी लागणारे गुण जमवणं. शोधनिबंधाला इतके गुण, पुस्तकाला इतके, परिषदेत नुसतं बोललात तर त्याहून कमी. त्या गुणांच्या मागे धावता धावता मी स्वतःभोवती एक यंत्रणाच उभी केली होती. रंगीत कॅलेंडर, झाडांचं ॲप, आणि आठवड्याच्या शेवटी माझ्या कामाचा आलेख काढून दाखवणारं आणखी एक ॲप. एवढं करून संध्याकाळी मी फोनवर एका रंगाचे मणी जुळवायचा खेळ खेळत बसायचे. तो वेळ मात्र कोणत्याही आलेखात दिसत नसे, कारण मी तो मोजतच नव्हते.

त्या वर्षी मला एका सत्राची अभ्यासरजा मिळाली. बुलढाण्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांतल्या जुन्या, पडक्या दगडी देवळांवर मी पुस्तक लिहीत होते. ते बरीच वर्षं लिहीतच होते. रजा मेहकरला आईबाबांकडे काढायची, सकाळी देवळं फिरायची, दुपारी लिहायचं, असं ठरवून मी लॅपटॉप, टॅबलेट, ड्रोन आणि दोन कॅमेरे गाडीत भरून आले. दुसरं कारण बाबा होते. पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं वाचलं, पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, पण डावा हात मांडीवर पडून राहायचा.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. डावा हात म्हणजे गिअरचा हात. उभी नोकरी त्यांनी त्या हाताने गाड्या घाटांत चढवल्या आणि उतरवल्या. आता त्या हाताने शर्टाचं बटण लागत नव्हतं. फिजिओथेरपीची एक तरुण मुलगी एक दिवसाआड घरी यायची. "काका, बोटांना काम द्या," एवढंच ती पुनःपुन्हा सांगायची. तिने स्पंजचा चेंडू आणून दिला. तो बाबांनी उशाशी ठेवून दिला. मग तिने कपड्यांचे चिमटे दिले आणि ते ताटाच्या कडेला लावायला सांगितले. बाबा म्हणाले, "चिमटे लावाचेच असन तर दोरी बांधा, कपडे तरी वाळतीन."

आईने वेगळा उपाय केला. ती मावशीशी फोनवर लुडो खेळायची, रोज, जेवण झालं की. तिने बाबांनाही त्यात घेतलं. बाबा उजव्या हाताने खेळले आणि दुसऱ्याच दिवशी सोडून दिलं. "फासा कोण टाकते थे दिसतच नाई," ते म्हणाले. "मशीन टाकते. मशीन कोनाच्या बाजूनं हाय, कोनाले मालूम?"

मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात जानेफळच्या रस्त्यावरून आत एका गावी जाऊन तिथल्या देवळाचे फोटो काढून आणले होते. ते बाबांचं जन्मगाव. मी अगदी लहान असताना आम्ही ते सोडून मेहकरला आलो. कुठे जाऊन आले ते मी सांगितलं तेव्हा बाबा फक्त "बरं" म्हणाले होते.

असे फोटो आम्ही शेकड्यांनी काढतो, चारी बाजूंनी, वरून ड्रोनने, खाली वाकून. मग संगणक ते एकमेकांशी जुळवतो आणि देवळाची हुबेहूब प्रतिकृती पडद्यावर उभी करतो. ती बोटाने फिरवता येते, आत शिरता येतं, भिंतीला नाक लावून कोरीवकाम पाहता येतं. हे व्हायला संगणकाला फार वेळ लागतो. एका दुपारी मी लॅपटॉप ओट्यावर ठेवून ते काम लावून दिलं. त्याचा पंखा घरघरायला लागला. बाबा खुर्ची ओढून जवळ आले.

"इंजिन गरम होऊन राह्यलं," ते म्हणाले.

"होऊ द्या. त्याले सवय हाय."

पडद्यावर आधी नुसते ठिपके येतात. रस्त्यावरून गाडी गेल्यावर मागे धूळ उठावी तसे. बाबा त्या धुळीकडे पाहत बसले. हळूहळू तिच्यात खांब दिसू लागले, मग जोतं, मग एका बाजूला खचलेलं छत. मी पाणी प्यायला आत गेले होते. परत आले तर ते पडद्याच्या अगदी जवळ वाकलेले होते.

"हे आपल्या गावचं देऊळ हाय."

"हाव."

"मले फिरवता येते का?"

मी ती प्रतिकृती टॅबलेटवर घेतली आणि टॅबलेट त्यांच्या डाव्या मांडीवर ठेवला. मुद्दाम ठेवला की सहज, आता आठवत नाही. एका बोटाने फिरवायचं, दोन बोटांच्या चिमटीने जवळ आणायचं. बाबांनी आधी उजवा हात आडवा नेऊन पाहिला. तो अवघडला. मग उजव्या हाताने डावा उचलून काचेवर ठेवला आणि बोट सरकवलं. देऊळ गर्रकन फिरलं, उलटं झालं, आकाशात गेलं. "अरे बाप्पा," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. पुढे बराच वेळ ते देवळाला रस्त्यावर आणायची खटपट करत होते. मी शेजारी बसून माझं लिहीत होते.

दोन-तीन दिवसांनी त्यांना ते जमायला लागलं. देवळाला बाहेरून फेरी मारायची, मागे जायचं, परत समोर यायचं. "रिव्हर्स घेतो," असं ते म्हणायचे. मग एका दुपारी ते पायऱ्या चढून मंडपात शिरले. म्हणजे टॅबलेटवर. बोट थांबलं. छताच्या मधलं दगडी कमळ त्यांच्यासमोर होतं.

"आत असं हाय काय," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबा त्या देवळात कधी गेलेलेच नाहीत. त्यांच्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या माणसांना पायरीच्या वर जाता येत नसे. पुढे वस्ती बौद्ध झाली, बाबा शिकले, नोकरीला लागले. नंतर कोणी अडवलं नसतं, पण नंतर त्यांना जायचंच नव्हतं. आमच्या घरात बुद्धाचा फोटो आहे, दर पौर्णिमेला आई विहारात जाते, आणि देवळं हा विषय फक्त माझ्या नोकरीत येतो. बाबा मंडपात फिरत राहिले, खांबामागून खांब पाहत. मग त्यांनी दोन बोटांची चिमूट ताणली आणि एक जागा जवळ आणली.

मंडपाच्या कडेने दगडी बाक आहे. त्या बाकावर एकात एक अशा तीन चौकटी कोरलेल्या आहेत, बाजूंच्या मधोमध रेघांनी जोडलेल्या. माझ्या नोंदीत ते आलं होतं. 'बाकावर कोरीव चौकटी, बहुधा खेळाचा पट' असं लिहून मी पुढे गेले होते. असे पट महाराष्ट्रात पुष्कळ देवळांत सापडतात. पुस्तकी भाषेत आम्ही या खेळाला नवकंकरी म्हणतो.

"इथं खेळत थे लोक," बाबा म्हणाले. "दुपारी. आम्ही लिंबाखाली बसून पाहत होतो."

"काय खेळत?"

"नऊ खड्यांचा खेळ. पण आमाले थो दिसे नाई. थे बाकावर बसत, पाठ आमच्याकडं. पाठीच दिसत."

"मंग तुमाले खेळ कसा मालूम?"

"आयकून," ते म्हणाले. "थे मोठ्यानं भांडत ना. मारला, सरकव, तीन झाले. त्यातून आम्ही वस्तीत काढला. जमिनीवर कोळशानं रेघा मारू, चिंचोके घेऊ, नाई तर खापराचे तुकडे घासू."

उत्खननात आम्हाला अशी घासून गोल केलेली खापरं नेहमी सापडतात. त्यांच्यापुढे आम्ही 'खेळातली सोंगटी' असं लिहितो आणि एक प्रश्नचिन्ह टाकतो. मी किती खोक्यांवर तसं लिहिलं असेल! आमच्या घरात तसे तुकडे घासलेला माणूस बसलेला आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आईने खडू शोधून दिला. मी फरशीवर तीन चौकटी काढल्या, पण बाबांना खाली बसता येईना, म्हणून मग पाटावर काढल्या आणि पाट स्टुलावर ठेवला. एकाकडे नऊ चिंचोके, दुसऱ्याकडे नऊ खडे. एकाआड एक रेघांच्या सांध्यांवर ठेवायचे, सगळे ठेवून झाले की शेजारच्या सांध्यावर सरकवायचे. आपले तीन एका रेघेत आले की समोरच्याचा एक मारायचा. ज्याच्याकडे दोनच उरले तो हरला. बाबांनी चिंचोके घेतले. चिंचोका गुळगुळीत असतो, चिमटीतून निसटतो. पहिला डाव संपायला आख्खी दुपार गेली, कारण निम्मा वेळ आम्ही खाटेखाली घरंगळलेले चिंचोके शोधत होतो. पण बाबांनी उजवा हात वापरला नाही. तसं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. डाव्या हाताने खेळायचं असं त्यांनीच मनाशी ठरवलं असावं.

फिजिओथेरपीच्या मुलीने आल्या आल्या पाट पाहिला, मग बाबांची चिमूट पाहिली. "काका, चेंडू परत देऊन टाका मला," ती म्हणाली आणि स्वतःच एक डाव खेळायला बसली. पुढच्या रुग्णाकडे तिला उशीर झाला.

मी मात्र अडचणीत आले. रोज दुपारचे दोन तास माझ्या कॅलेंडरमध्ये 'प्रकरण तिसरं' या नावाने निळ्या रंगात होते आणि त्या वेळात मी पाटापाशी बसलेली असायचे. पहिले काही दिवस मी खेळाला 'उपचार' असं नाव देऊन हिरव्या रंगात टाकलं, म्हणजे आलेख खाली येणार नाही. मग 'क्षेत्रकार्य' असं लिहून पाहिलं. आई मागून वाकून पाहत होती. माझ्या इंग्रजी नोंदी तिला वाचता येतात. "बापासंगं बसली तं बसली असं लिही ना," ती म्हणाली. "त्याले रंग कायले पाहिजे?"

तसा रकाना त्या ॲपमध्ये नव्हता. मी ते दोन तास रिकामे सोडायला लागले. आठवड्याच्या शेवटी आलेख खाली आलेला दिसायचा आणि त्याखाली मला धीर देणारं एक वाक्य यायचं. ते मी वाचत नसे.

माघ लागता लागता मला पुन्हा त्या गावी जावं लागलं. पटाचे फोटो सावलीत काढले गेले होते आणि रेघा पुसट आल्या होत्या. दगडातल्या उथळ रेघा टिपायला सकाळचं तिरपं ऊन लागतं. मी बाबांना म्हटलं, "चला संगं." ते म्हणाले, "मी काय करू तिथं?" मी पुन्हा विचारलं नाही. पण जायच्या दिवशी सकाळी मी कॅमेऱ्याच्या पिशव्या घेऊन बाहेर आले तर ते ओट्यावर बसलेले होते. टोपी घातलेली, डाव्या पायाचा पट्ट्याचा बूट बांधलेला.

"केव्हाचे बसले असे," आई म्हणाली. "च्या पण इथंच घेतला."

वाटेत ते माझ्या गाडी चालवण्याकडे पाहत होते. प्रत्येक चढाला "दुसऱ्यावर घे, दुसऱ्यावर" म्हणायचे आणि मांडीवरचा डावा हात थोडासा हलायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर काढून झाली होती. विहिरीच्या पाण्यावरचा हरभरा मात्र हिरवा होता. देऊळ गावाच्या कडेला, अशाच एका हरभऱ्याच्या शेताला लागून आहे. तिथे आता पूजा फक्त सणावारी होते. आम्ही गाडी लिंबाखाली लावली तेव्हा त्या शेताचा मालक बांधावर उभा होता. पहिल्या खेपेला त्यानेच मला चहा पाजला होता, पण मी कोणाची मुलगी ते मी तेव्हा सांगितलं नव्हतं. वयाने तो बाबांच्याच जोडीचा. बाबा काठी टेकत उतरले तसा तो पुढे आला.

"ड्रायव्हर साहेब! वळखलं का? माह्या पोरीच्या लग्नाची गाडी तुमीच नेली होती."

"शेगावले," बाबा म्हणाले. "येताना टायर बसला होता."

"बसला होता बरोबर!" त्याला फार आनंद झाला. त्याने शेतातल्या खोपीतून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि लिंबाखाली ठेवली. बाबा तिच्यावर बसले. "वर या ना," तो म्हणाला. बाबा म्हणाले, "मी इथंच बरा हाव."

मी वर गेले. पटावरची धूळ मऊ ब्रशने काढली, ऊन कुठून येतंय ते पाहिलं, फोटो काढायला लागले. माणूस बाकावर कसा बसत असेल तेही टिपायचं होतं, म्हणून मी त्या शेतकऱ्याला म्हटलं, काका, जरा इथे बसता का, खेळायला बसल्यासारखे. तो बसला. एक पाय खाली, एक वर, पटाकडे वळून. बाहेरच्या बाजूला त्याची पाठ आली.

खालून बाबांचा आवाज आला. "अस्संच. असंच दिसे. पाठ."

तो मागे वळला. खुर्चीवरच्या बाबांकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याच्या काचेवर फुंकर मारत उभी राहिले.

"माहा बाप लय कडक होता," शेवटी तो म्हणाला.

"हाव," बाबा म्हणाले. "माह्या बापाले मालूम होतं थे."

कोणी आवाज चढवला नव्हता. हवापाण्यावर बोलावं तसे दोघे बोलले. शेतात कुठेतरी टिटवी ओरडत होती. मग तो बाकावर सरकून म्हणाला, "या वर. मले एकट्याले नाई खेळता येत."

बाबांनी पायऱ्यांकडे पाहिलं. मग मला विचारलं, "पायऱ्या उंच हाय का वं?"

"घरच्यापेक्षा जराशा उंच."

ते उठले. काठी उजव्या हातात होती. पायरीपाशी आल्यावर तो शेतकरी खाली उतरला आणि त्याने हात पुढे केला. बाबांकडे द्यायला डावा हातच मोकळा होता. तो त्यांनी दिला. एकेक पायरी थांबत थांबत ते वर आले. बूट काढायचा की नाही हा प्रश्न होता. पट्टा सोडला तर पाऊल पडत नाही. बाबांनी बुटाकडे पाहिलं. तो म्हणाला, "राहू द्या हो," आणि स्वतःच्या चपलाही पायातच ठेवल्या. गाभाऱ्याकडे बाबा गेले नाहीत, त्यानेही बोलावलं नाही. मंडपात उभं राहून त्यांनी एका खांबाला हात लावला.

"टॅबलेटमधी लहान वाटला होता," ते मला म्हणाले.

मी खिशातून चिंचोके काढले, पण त्यांच्यातले दोन कुठेतरी पडले होते. तो शेतकरी खाली जाऊन हरभऱ्याचे घाटे तोडून घेऊन आला. त्याच्याकडे हिरवे घाटे, बाबांकडे पायरीजवळचे खडे. मी फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि बाजूच्या खांबाला टेकून बसले.

सुरुवातीला बाबा चांगले खेळले. सहा घाटे त्यांनी मारले. मारलेले घाटे ते शेजारी नीट रांगेत ठेवत होते. त्याच्याकडे तीन उरले. बाबांनी आता त्याला कोपऱ्यात अडवलं होतं, सरकायला जागा नव्हती. तेव्हा त्याने एक घाटा उचलला, हात पार वर नेला आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला, रिकाम्या सांध्यावर नेऊन ठेवला. तीन रेघेत आले. बाबांचा एक खडा गेला.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"उडी."

"कशाची उडी?"

"तीन राह्यले की उडता येते. कोठंबी."

"आमच्यात नाई उडत कोनी."

"आमच्यात उडते."

"तीन राह्यले म्हणून उडाले लागला तं मंग मारून फायदा काय?"

"हारून राह्यला माणूस. त्याले काहीतरी पाहिजे ना!"

यावर ते दोघे जे भांडले ते माझ्या फोनमध्ये आजही आहे. खेळ चालू असतानाच भांडले, खडे सरकवत भांडले. बाबांचा आवाज झटका आल्यापासून एवढा मोठा मी ऐकला नव्हता. तो डाव उड्या मारून शेतकऱ्याने जिंकला. दुसरा बाबांच्या नियमाने खेळायचा ठरलं. तो मध्यावर आला असेल, तेवढ्यात पलीकडच्या विहिरीवरून कोणीतरी ओरडलं, "लाईन आली!" शेतीची वीज दिवसातून थोडा वेळच येते. तो तसाच उठून मोटार लावायला पळाला. बाबा एकटेच बाकावर बसले. थोडा वेळ त्यांनी पटाच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग शेजारच्या रांगेतला एक घाटा उचलला, डाव्या हातात धरून उजव्याने सोलला आणि खाल्ला. मग दुसरा.

तो परत आला तेव्हा रांग संपली होती.

"माहे घाटे कोठं गेले?"

"मेलेले होते थे," बाबा म्हणाले.

परतताना त्यांनी डोकं सीटला टेकवलं होतं. मला वाटलं दमले असतील. रस्ता मेहकरच्या वेशीला लागल्यावर ते म्हणाले, "थो हात वर जाये. म्या लय वेळा पाह्यला होता. पाठीवरून दिसे. मले वाटे डाव जिंकला म्हणून हात वर करते माणूस."

मी गाडी बाजूला घेतली. खरं तर थांबायचं काही कारण नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इंडिकेटर दे आधी."

त्या रजेत माझं पुस्तक पुरं झालं नाही. विभागप्रमुखांना मी तसं कळवलं आणि त्यांनी नाराजी लपवली नाही. त्याऐवजी मी त्या पटावर एक लहानसा निबंध लिहिला. एकाच पटावर, एकाच गावात, दोन नियमांचे खेळ. एक बाकावरचा, एक वस्तीतला. दुसऱ्यात उडी का नाही, तर पाठीमागून वर गेलेला हात दिसे, उडी दिसत नसे. निबंध तपासणाऱ्याने विचारलं, दुसऱ्या नियमाला आधार काय? मी ध्वनिमुद्रणाचा लेखी उतारा जोडला. आमच्या पद्धतीप्रमाणे माहिती देणाऱ्याचं नाव छापत नाहीत, हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना ते पटलं नाही.

"मंग लोकाले कसं कळन कोनी सांगतलं?"

"गावात जन्मलेला माणूस, एवढं लिहितो आम्ही."

त्यांनी विचार केला. "ड्रायव्हर तरी लिहिजो," ते म्हणाले. तसं लिहिलं. त्या निबंधाला जे गुण मिळाले ते पुस्तकाच्या मानाने फार थोडे होते. पुस्तक पुढच्या वर्षी निघालं.

बाबांचा हात पूर्ण आला नाही. बटणं लागतात, वरचं सोडून. पेला धरता येतो, भरलेला नाही. फिजिओथेरपीची मुलगी आता महिन्यातून एकदाच येते. टॅबलेट मी मेहकरलाच ठेवला. त्यावर मी नवीन देवळं पाठवते आणि बाबा ती फिरून येतात, पण फार वेळ नाही. एकदा पाहिलं की त्यांचं होतं.

गेल्या हिवाळ्यात मी एका बैठकीत असताना आईचा फोन आला. "तुहे बाबा घरात नाई. काठी नाई, टोपी नाई." मी बाहेर येऊन बाबांना फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली.

"बाबा, कोठं हाय तुमी?"

"गावी. बाकावर."

"गेले कसे?"

"एसटीनं. सकाळची गाडी हाय ना. ड्रायव्हरनं पुढं बसवलं. नवीन हाय, घाई लय करते." मागून त्या शेतकऱ्याचा आवाज आला, काहीतरी लवकर करा म्हणत होता. "तुह्या मायले सांग, जेवाले इथंच हाव. ठेवतो, माही पाळी हाय."

मी आईला कळवलं. तिने आधी शिव्या दिल्या, मग विचारलं, डबा कोणी दिला असेल. मग मी बैठकीत परत गेले. तिथे पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकावर बोलणं चाललं होतं.